क्रेडिटपुरती भाषा

दुसरी भाषा बोलता येणे आणि विद्यापीठात तिचा अभ्यास करणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. बोलणे शेजारात, बाजारात, मित्रांतही जमून जाते. विद्यापीठात व्याकरण, छंद, जुने कागद आणि बोलीभेद हाताळावे लागतात आणि त्याचा लाभ पुष्कळदा शिकणाऱ्याच्या मातृभाषेलाच होतो.

याचे एक उदाहरण सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपुरापासून सांगता येते. तिथे आदिलशाही सरदार रणदुल्लाखानाची कबर आहे. त्या राजवटीचे बरेचसे दप्तर वाचायचे तर फारसी लागते. याच गावी १९२२ साली नाटककार वसंत कानेटकर जन्मले. त्यांचे वडील कवी गिरीश हे रविकिरण मंडळ या कविगटातले. त्याच मंडळातले माधव जूलियन कॉलेजात फारसी शिकले आणि पुढे फर्ग्युसन कॉलेजात ती शिकवू लागले. या अभ्यासातून त्यांचा १९२५ चा फारसी-मराठी कोश झाला आणि गझल मराठीत रुजली. गझलेचा प्रत्येक शेर स्वतंत्र असतो, पण यमक तेच राखावे लागते आणि बहुधा त्यानंतरचे शब्दही तेच. हे बंधन मराठीच्या लघुगुरूंत बसवायला दोन्ही भाषांचे छंदशास्त्र पक्के हवे. नुसत्या संभाषणाच्या फारसीवर ते साधले नसते.

उलट दिशेचे उदाहरण सातारा जिल्ह्यातच, फलटणला आहे. अमेरिकेतून आलेल्या मॅक्सीन बर्नसन यांनी फलटणच्या बोलीवर पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली, फलटणलाच स्थायिक झाल्या आणि मुलांच्या वाचन-लेखनासाठी आयुष्य वेचले.

परदेशातल्या मराठी घरांत मात्र गणपतीच्या पंगतीत हमखास ऐकू येते, "मराठी शिकून नोकरी कोण देणार?" मुले कॉम्प्युटर सायन्सच्या जोडीला स्पॅनिश घेतात, तीही क्रेडिट भरण्यापुरती, दोन सेमिस्टर झाली की पुस्तक मिटते. स्पॅनिश अवश्य घ्यावी, पण कादंबरी वाचता येईल इतकी. जिथे मराठीचा वर्ग आहे, तिथे आधी मराठी घ्यावी. 'घोडा'चे 'घोड्याला' का होते, हे मुलाने विचारले तर आईबाबा "असंच म्हणतात" म्हणून मोकळे होतात. वर्गात सामान्यरूप शिकल्यावर ऐकीव मराठीला कणा मिळतो आणि आजीची पत्रे कुणाच्या मदतीवाचून वाचता येतात.

हा सूर उपदेशाचा वाटल्यास क्षमा असावी. शिक्षणाच्या कर्जाची चिंता खरीच आहे. पण विद्यार्थी नसले की असे वर्ग बंद पडतात आणि बंद पडलेला वर्ग पुन्हा सुरू करणे फार जड जाते. म्हणून परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांनी आपल्या शिष्यवृत्तीत, भाषेचा अभ्यास शेवटपर्यंत नेणाऱ्या विद्यार्थ्यासाठीही एक जागा राखावी.