नकली मारिओचा खरा आवाज

दिल्लीच्या आयएनए मार्केटजवळ लक्ष्मीबाई नगर आहे. नाव झाशीच्या राणीचं, वस्ती केंद्र सरकारी नोकरांची. नव्वदच्या दशकातली तिथली मे महिन्यातली एक दुपार डोळ्यांसमोर आणा. बाहेर लू, खिडकीत कूलरची घरघर, बाबा ऑफिसात, आईचा नुकताच डोळा लागलेला. आणि टीव्हीतून अखंड टुंग-टुंग-टिडुंग! ‘‘अरे, बंद कर ते! डोकं उठलं माझं!’’ मराठी घरात हे मराठीत, शेजारच्या घरात पंजाबीत, अर्थ एकच.

त्या दुपारचा मुलगा आज पंचेचाळिशीला टेकला असेल. समजा, त्याला संगीताची हौस आहे आणि त्याच टुंग-टुंगमधून एखादी नवी चाल बांधावी असं त्याच्या मनात आलं. यात वेड्यासारखं काही नाही. जगभर अनेक जण हे करतात. जुन्या व्हिडिओ गेमच्या यंत्रातला एकेक स्वर ध्वनिमुद्रित करायचा, तो संगणकाला जोडलेल्या कीबोर्डच्या पट्ट्यांवर पसरायचा आणि वाजवायचा. अशा मुद्रित तुकड्याला सॅम्पल म्हणतात. गायनाच्या क्लासमधल्या इलेक्ट्रॉनिक तबल्यात ‘धा’, ‘धिन’ साठवलेले असतात, त्यातलाच हा प्रकार.

या आवाजांचं मूळ जपानमध्ये आहे. निन्तेन्दो कंपनीनं 1983 मध्ये ‘फॅमिली कॉम्प्युटर’ नावाचं खेळयंत्र काढलं. त्यातल्या चिपला पाचच गळे होते. दोन धारदार गळे चाल आणि तिची साथ सांभाळायचे. तिसरा गोलसर, खर्जाचा. चौथा म्हणजे नुसती खरखर. तिचे तुकडे पाडून ताल धरायचा. पाचव्यातून एखादा छोटासा मुद्रित आवाज वाजे. एवढ्या भांडवलावर कोजी कोंडो यांनी 1985 मध्ये ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ला संगीत दिलं. गळे मोजकेच, म्हणून चालच अशी हवी की ती कानातून निघणार नाही. ती निघालीही नाही, हे त्या आईला विचारा!

पुढे 1990 मध्ये त्याच कंपनीच्या नव्या यंत्रात खऱ्या वाद्यांचे मुद्रित तुकडे आले. गळे आठ, पण आवाजासाठी जागा अवघी 64 किलोबाइट. फोननं काढलेला एक फोटोही आज तेवढ्यात मावत नाही. त्यामुळे व्हायोलिनचा एवढासा तुकडा घ्यायचा आणि त्याची शेपटी पुन्हापुन्हा फिरवून स्वर लांबवायचा. त्या काटकसरीमुळे आवाजाला जो किंचित धुरकट रंग आला, त्याच्यावरच आज हौशी लोक जीव टाकतात.

या दोन्ही यंत्रांतल्या आवाजांचे तयार संच मिळतात. आपल्या पंचेचाळिशीतल्या मुलानं पहिल्या यंत्राचा संच घेतला, मारिओची ओळ वाजवून पाहिली आणि तो थबकला. स्वर बरोबर, लय बरोबर, तरी हा तो नव्हे! त्याला वाटलं, वयानं कान बिघडले.

कान बिघडले नव्हते. भारतातल्या बहुतेक घरांत अस्सल जपानी यंत्र आलंच नव्हतं. निरनिराळ्या नावांनी इथे विकली गेली ती त्याची नक्कल. अशा अनेक नकली चिपांमध्ये एक चूक होती. धारदार गळ्याचा पोत ठरतो तो विजेची लहर प्रत्येक फेऱ्यात किती वेळ चालू राहते त्यावर. पाव वेळ चालू असली तर आवाज बारीक, नाकातला. अर्धा वेळ असली तर पोकळ, क्लॅरिओनेटसारखा. नकलेत या दोन्हींची अदलाबदल झाली होती. जिथे कोंडोंना नाकातला आवाज हवा होता तिथे पोकळ वाजे आणि पोकळच्या जागी नाकातला. चाल तीच, गळा दुसरा. लाखो मुलांचा मारिओ हा असा चुकीचा मारिओ होता आणि त्यांच्यापुरता तोच खरा.

असले आवाज जपण्यासारखे असतात का, असं कुणी विचारील. वाद्याची लायकी ठरवताना मोठमोठ्यांची गफलत झाली आहे. ऑल इंडिया रेडिओनं 1940 मध्ये हार्मोनियमला दार बंद केलं, ते किलकिलं व्हायला 1971 उजाडलं. मधल्या काळात नाट्यसंगीत मात्र पेटीवरच रंगत होतं. आणि 2023 मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं जपण्याजोग्या ध्वनिमुद्रणांच्या यादीत मारिओचं संगीत घेतलं. गेमच्या संगीताला तिथे प्रथमच जागा मिळाली. अर्थात घेतला तो अस्सल मारिओ. लक्ष्मीबाई नगरातला नकली मारिओ जपणं हे ज्याच्या माळ्यावर तो डबा आहे त्याचंच काम. डबा कबाडीवाल्याकडे गेला की आवाजही गेला.

काम अवघड नाही. यंत्राच्या मागे पिवळी वायर चित्राची असते. पांढरी किंवा लाल असते ती आवाजाची. तीच संगणकाच्या ध्वनिमुद्रणाच्या खाचेत जोडायची. जुना अ‍ॅडॅप्टर मात्र आधी जाणत्या माणसाकडून तपासून घ्यावा, थेट प्लगात खुपसू नये. एकटा स्वर पकडायचा तर मारिओ मध्येच थांबवावा. मागचं संगीत बंद होतं आणि थांबल्याची खूण करणारा बारीकसा आवाज एकटाच वाजतो. तो कापून घेतला की वाद्याची पहिली पट्टी तयार. त्यावर चाल मात्र स्वतःची बांधावी. कोंडोंची वाजवून विकायला जाऊ नये. आपल्या कायद्यानं संगीतावरचा हक्क संगीतकाराच्या हयातभर आणि त्यानंतर 60 वर्षं राहतो.

वायरीतून आवाज अगदी स्वच्छ येतो. कूलरची घरघर आणि ‘‘अरे, बंद कर ते!’’ही हवं असेल तर मात्र टीव्हीसमोर माईक ठेवायला हवा, आणि आईला शेजारच्या खोलीत झोपायला सांगायला हवं.