'आपोआप' म्हणजे काय?

रसायनशास्त्रांतील 'आपोआप' ह्या शब्दाचा दोन पक्षांनीं सारखाच दुरुपयोग चालविला आहे. पदार्थ स्वतःच रचला जातो, मग निर्माता कशाला, असें एक म्हणतात. ही सुबक रचनाच निर्मात्याचा पुरावा, असें दुसरे म्हणतात. दुसऱ्या पक्षांत आमचेच धर्मबांधव अधिक, म्हणून हें लिहिणें प्राप्त झालें.

प्रथम वस्तुस्थिति पाहूं. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब सांखळी. अशा सांखळीचा आंखूड तुकडा तो पेप्टाइड. सन २००३ मध्यें इस्राएलांतील तेल अवीव विद्यापीठाचे एहुद गाझित व त्यांची विद्यार्थिनी मेइतल रेचेस यांनीं फेनिलॲलनीन नांवाच्या आम्लाच्या केवळ दोन कड्यांचा तुकडा घेतला. एका सेंद्रिय द्रवांत तो विरघळवून त्यांत पाणी मिसळतांच तुकडे परस्परांस बिलगून पोकळ, ताठ नळ्या तयार झाल्या. ना सांचा, ना कारागीर! प्रत्येक तुकड्यावरील दोन कर्बवलयें पाण्यापासून अंग चोरून एकमेकांलगत बसतात, आणि तुकड्यांचीं टोकें हायड्रोजन-बंधांनीं एकमेकांस धरतात. शिस्त येते ती ह्यामुळें. पुढें त्यांनीं नळ्यांच्या पोकळींत चांदीचा क्षार भरून त्याची चांदी केली व पाचक विकरानें नळी विरघळवून टाकली. हातीं राहिली सुमारें २० नॅनोमीटर जाडीची तार. (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग.)

हें वाचून स्तोत्र गावेंसें वाटलें तर नवल नाहीं. परंतु ही जोडी त्यांस सुचली कोठून? आल्झायमरच्या रोगांत मेंदूंत ज्या प्रथिनाचे तंतु सांचतात, त्याच्याच सांखळींत ती आहे. ज्या रोगांत आजोबा नातवाचें नांव विसरतात, त्यांतील तंतूंची आणि ह्या सुबक नळ्यांची बिलगण्याची रीत एकाच जातीची. सुबकपणास पुरावा म्हणणाऱ्यानें तो पुरावा त्या आजोबांच्या उशाशीं बसून सांगावा.

श्रद्धा मला प्रिय आहे. म्हणूनच तिला रेणूंचा टेकू देणें मला पसंत नाहीं. उद्यां टेकू सरकला, तर मुलगा त्याबरोबर श्रद्धाही टाकील. पालकांनीं 'देवाची करणी' म्हणून मुलाचा प्रश्न मिटवूं नये. मुलांनींही 'आपोआप' हें उत्तर समजूं नये. कोणती बाजू पाणी टाळते, कोणतें टोक कोणास धरतें, तें वहींत काढून पाहावें. त्याच दोघांनीं सन २००४ मध्यें एक कर्बाणू कमी असलेल्या फेनिलग्लायसीनची जोडी घेतली, तेव्हां नळ्यांऐवजीं गोळे बनले. तें कां, ह्याचा विचार सुटींत करावा.