टाळ्या वाजवणारी मुले

आमचा मराठीचा वर्ग तिसऱ्या मजल्यावर भरतो. गेल्या जुलैत कॉलेजची लिफ्ट बिघडली आणि पंधरा दिवस आम्हां सर्वांना जिन्याला शरण जावे लागले. विशीतली मुले दुसऱ्याच मजल्यावर कठड्याला टेकून उभी! त्यांना हसावे, तर त्यांच्या शेजारी अस्मादिकही धापा टाकीत उभे.

मग मास्तराने जे करायचे तेच मी केले. व्याख्यान दिले. डॉ. जेरी मॉरिस यांनी १९५३ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केलेले लंडनच्या बसवाल्यांचे संशोधन सांगितले. दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा दुमजली बसचे जिने चढउतार करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी! मुलांनी माना डोलावल्या आणि लिफ्ट दुरुस्त होताच तिच्यापुढे रांग लावली. रांगेत मीही होतो.

“अहो, पोहणं काय फळ्यावर शिकवता येतं?” घरी सौभाग्यवतींनी विचारले.

दुसऱ्या दिवशी शेवटच्या बाकावरच्या एका अबोल मुलीला मी म्हटले, “तू जिमखान्यात का जात नाहीस?”

ती खाली बघत म्हणाली, “सर, शाळेत संघ निवडताना मी नेहमी शेवटी उरायचे. पाचवीपासून मी फक्त टाळ्या वाजवल्यात.”

मी गप्प झालो. ज्यांना आपण आळशी म्हणतो, त्यांतल्या कितीकांना मैदानावरून आपणच कधीतरी उठवलेले असते! जिमखान्याला करंडक हवा असतो. तो आणणारी मुले मूठभर. बाकीच्या शेकड्यांनी कडेला उभे राहून ओरडायचे. मग ती मुले पुढे आयुष्यभर कडेलाच राहिली, तर दोष कोणाचा?

पुढच्या शनिवारचे ट्यूटोरियल मी सकाळी सहाला पर्वतीच्या पायथ्याशी ठेवले. अटी दोनच : कोणी घड्याळ लावायचे नाही, आणि सर्वांत मागे असेल त्याच्या चालीने सर्वांनी चालायचे. पाच जण आले. पायऱ्या १०३. सर्वांत मागे कोण होते, हे वाचकांनी ओळखलेच असेल! माझ्यासाठी मुले दर वीस पायऱ्यांवर थांबत, आणि थांबले की कादंबरीवर चर्चा. वर्गात तोंड न उघडणारी ती मुलगी तिथे माझ्याशी चक्क वाद घालू लागली.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की, मोठ्या माणसांनी आठवड्याला निदान १५० मिनिटे भरभर चालण्याइतका तरी व्यायाम करावा. पण तो सलग दहा मिनिटे तरी हवा, ही जुनी अट तिने २०२० साली काढून टाकली. थोडेही जमेस धरले जाते. आमच्या वीस-वीस पायऱ्यांना याहून मोठा आधार कोणता?

तेव्हा घरातल्या चिरंजीवांना उपदेश करण्याआधी आईबापांनी आपलेच बूट शोधावेत, एवढेच माझे सांगणे.

परवाच्या शनिवारी अकरा जण होते. दिवाळीची सुट्टी लागते म्हणून ट्यूटोरियल बंद, असे मी जाहीर केले. तेवढ्यात ती मुलगी म्हणाली, “आम्ही येणारच आहोत, सर. तुम्हीही या. फक्त आलात, तर आम्हांला जरा थांबावं लागेल.”