ड्रायव्हरचे तास कोण मोजणार?

पहाट नुकती फटफटलेली असते. तलासरी सोडून अच्छाडकडे जाताना मुंबई-अहमदाबाद हायवेच्या कडेला एकामागे एक ट्रक उभे दिसतात. एखादा किन्नर, म्हणजे क्लीनर, टामी घेऊन गाडीभोवती फिरतो आणि प्रत्येक टायरवर एकेक ठोका देतो. टणटणीत आवाज आला की हवा ठीक, बद्द आला की पंक्चरवाला दुकान उघडेपर्यंत थांबायचं. चाकाखालचा दगड अजून तिथेच असतो. कॅनमधलं पाणी दोन ओंजळी तोंडावर मारून ड्रायव्हर केबिनमधल्या देवाच्या फोटोला उदबत्ती लावतो आणि स्टार्टर मारतो. रात्री तो किती तास झोपला, हे त्याच्याशिवाय कुणालाच ठाऊक नसतं.

त्याच्या मालाचं मात्र सगळं ठाऊक असतं. १ एप्रिल २०१८ पासून राज्याबाहेर जाणाऱ्या मालाला ई-वे बिल लागतं. माल कुणाचा, कुठून निघाला, कुठे उतरणार, गाडीचा नंबर काय, हे सारं त्यात येतं. २०२१ पासून त्या बिलाची मुदत दर दोनशे किलोमीटरला एक दिवस अशी मोजली जाते. त्याच वर्षी फेब्रुवारीत फास्टॅग सक्तीचा झाला. तेव्हापासून गाडीने चारोटीचा टोलनाका किती वाजून किती मिनिटांनी ओलांडला, खानिवड्याचा कधी ओलांडला, हेही नोंदलं जातं. म्हणजे मालाचं घड्याळ सरकारजवळ आहे, गाडीचंही आहे. स्टिअरिंगवर बसलेल्या माणसाचं तेवढं नाही.

पूर्वी आठ नंबरचा आणि आता ४८ नंबरचा म्हणून ओळखला जाणारा हा राष्ट्रीय महामार्ग डहाणू आणि तलासरी या दोन तालुक्यांना उभा कापत जातो. एका बाजूला वापीची औद्योगिक वसाहत, दुसऱ्या बाजूला तारापूर, खाली मुंबई आणि न्हावा शेवा. रसायनांचे टँकर, कंटेनरचे ट्रेलर, मार्बलने भरलेल्या गाड्या, दुधाच्या गाड्या, सारं इथूनच जातं. डहाणू-घोलवडचा चिकू २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळवून बसला, पण झाडावरून उतरवलेला चिकू थांबत नाही. तो चार दिवसांत पिकतो, म्हणून त्याला नेणाऱ्या गाडीलाही थांबता येत नाही.

या लाइनवर आयुष्य घालवलेले जुने ड्रायव्हर भेटले की ते किलोमीटर फारसे सांगत नाहीत, नाके सांगतात. मुंबईच्या दारातला दहिसरचा जकात नाका, इकडे अच्छाडचा तपासणी नाका, गुजरातच्या हद्दीत भिलाड. बिल्टी, परमिट, विम्याचे कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून खिडकीपाशी उभं राहायचं. रात्र गाडीखाली चटई टाकून काढायची. पावसाळ्यात ताडपत्रीवर साचलेलं पाणी दर दोन तासांनी खालून काठीने ढकलायचं, नाहीतर माल भिजायचा आणि नुकसानी अंगावर यायची. विवळवेढ्याला महालक्ष्मीचं देऊळ हायवेलाच आहे. तिथे नारळ फोडून पुढे निघायची रीत कित्येकांनी मरेपर्यंत पाळली. चैत्री पौर्णिमेला यात्रा सुरू झाली की गर्दीतून गाडी मुंगीच्या पावलाने काढावी लागे, आणि त्याबद्दल कुणाची तक्रार नसे.

युरोपातल्या जुन्या लॉरी ड्रायव्हरांच्या आठवणीही अशाच असतात. १९७० च्या दशकात आखातात तेलाचा पैसा आला, तिथल्या बंदरांत जहाजांची कोंडी झाली, तेव्हा ब्रिटनमधून लॉऱ्या थेट रस्त्याने इराण, सौदी अरेबिया आणि कतारकडे निघाल्या. बीबीसीने १९७७ मध्ये ‘डेस्टिनेशन दोहा’ नावाचा माहितीपट त्यावर काढला. तुर्कस्तानातले बर्फाने भरलेले घाट, सीमेवर दिवसच्या दिवस लागणाऱ्या रांगा, इस्तंबूलच्या लोंद्रा कॅम्पवर भेटणारे आपल्या बोलीचे सोबती, इंजिनावर गरम केलेला डबा. अच्छाडच्या रांगेत स्टोव्ह पेटवून डाळ शिजवणाऱ्या माणसाला ही गोष्ट सांगितली, तर त्याला त्यात परकं असं काही वाटणार नाही.

फरक पडला तो नंतर. आणि तो कायद्याच्या वयामुळे पडला नाही, कारण कायदा आपला जुना आहे. भारताच्या संसदेने मोटार वाहतूक कामगार कायदा १९६१ मध्ये केला. दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस. लांब पल्ल्यावर परवानगीने दहा तास आणि चोपन्न तास. पाच तास सलग काम झालं की निदान अर्धा तास विश्रांती. हे सगळं त्यात लिहिलेलं होतं. तेव्हाच्या युरोपीय आर्थिक समुदायाने ड्रायव्हिंगच्या तासांचा नियम केला १९६९ मध्ये, आपल्यानंतर आठ वर्षांनी. पण पुढच्याच वर्षी त्यांनी आणखी एक नियम केला आणि गाडीत टॅकोग्राफ बसवण्याची सक्ती आणली. गाडी कधी चालली, कधी थांबली, किती वेगाने गेली, हे ते यंत्र कागदाच्या गोल चकतीवर रेघोट्यांनी उमटवायचं. रस्त्यात अडवणारा पोलीस ड्रायव्हरला काही विचारत बसत नसे, चकती काढून बघे. आता ते यंत्र डिजिटल झालं आहे. आजच्या नियमाप्रमाणे तिथे दिवसाला नऊ तास गाडी चालवता येते, आठवड्यातून दोनदा दहा. साडेचार तासांनंतर पंचेचाळीस मिनिटांची सुट्टी घ्यावीच लागते. मालक ‘आणखी शंभर किलोमीटर काढ’ म्हणाला, तर ड्रायव्हर यंत्राकडे बोट दाखवतो.

आपल्याकडे त्याच सुमारास युरोपची गाडी आलेली होती. टाटांनी १९५४ मध्ये डाइम्लर-बेंझशी करार केला आणि जमशेदपूरला लांब नाकाचे टाटा-मर्सिडीज ट्रक बनू लागले. भारतभरच्या रस्त्यांवर त्यांच्या जाळीवरचा तारा झळकला. करार संपला १९६९ मध्ये, म्हणजे युरोपने ड्रायव्हरचे तास बांधून दिले त्याच वर्षी. गाडी आपण पुरती आत्मसात केली, इतकी की पुढे ती पाटा न पाटा इथेच बनू लागली. तिच्या डॅशबोर्डवर तास मोजणारं यंत्र काही आपण बसवलं नाही.

१९६१ च्या कायद्याला आणखी एक भोक होतं. पाच किंवा अधिक कामगार असलेल्या वाहतूक संस्थेलाच तो आपोआप लागू होता. ज्या देशात बहुसंख्य मालकांकडे एखाद-दोन, फार तर चार गाड्या आहेत, तिथे यातून बाहेर कोण राहिलं हे सांगायला नको. जो स्वतःच मालक आणि स्वतःच ड्रायव्हर, त्याला तर हप्त्याशिवाय दुसरा साहेब नाही. आता जुने कामगार कायदे नव्या संहितांत विलीन झाले आहेत. नव्या संहितेतले तास तरी कुठल्या यंत्रावर उमटणार, हा प्रश्न शिल्लकच आहे.

या काळात रस्ता सुधारला, हे नाकारून चालणार नाही. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि दहिसरची जकात गेली. गुजरातने नोव्हेंबर २०१९ मध्ये आपले आरटीओचे तपासणी नाके बंद केले. महाराष्ट्रानेही सीमेवरचे नाके बंद करण्याची घोषणा २०२५ मध्ये केली. नाक्यावर जळणारे तास वाचले. पण ते तास ड्रायव्हरच्या झोपेत जमा झाले का? तर नाही. महिन्याच्या फेऱ्या वाढल्या. बऱ्याच गाड्यांवरचा किन्नर कमी झाला, आणि टायर ठोकण्यापासून ताडपत्री आवळण्यापर्यंतचं कामही एकट्या ड्रायव्हरवर आलं.

शिवाय जुन्या नाक्यांच्या जागी नव्या थांबण्याच्या जागा तयार झाल्या. मुंबई आणि ठाण्यात गर्दीच्या तासांत अवजड वाहनांना बंदी असते. ती हवीच, पण बंदी उठेपर्यंत गाडी कुठे लावायची, याचं उत्तर कुठल्याच अधिसूचनेत नसतं. मग मनोर, चारोटी, तलासरीच्या कडेला रांगा लागतात. वसईच्या खाडीवरचा वर्सोवा पूल वर्षानुवर्षं गळ्यातला फास होता; नवा पूल २०२३ मध्ये खुला झाला. पाठोपाठ दहिसर ते अच्छाड असं १२१ किलोमीटरचं काँक्रिटीकरण निघालं, आणि २०२४ चा पावसाळा लोकांनी कोंडीत काढला. कारखान्याच्या गेटवर गाडी खाली व्हायची वाट बघण्यात जातात ते तास वेगळेच. ड्रायव्हरला पैसे फेरीचे मिळतात, थांबण्याचे फार क्वचित. दिवस थांबण्यात गेला की रात्री तो गमावलेला वेळ भरून काढतो. मेंढवणच्या खिंडीतली वळणं त्याला मध्यरात्रीनंतर लागतात, तेव्हा आधीचे अठरा तास त्याच्या पापण्यांवर बसलेले असतात.

पालघरच्या स्थानिक पानावर ‘उभ्या ट्रकला धडक’ हे शब्द इतक्यांदा छापून येतात की वाचणाऱ्याचा डोळा त्यावर ठरत नाही. ४ सप्टेंबर २०२२ ला चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मोटार अपघातात मृत्यू झाला, तेव्हा देशाने हा रस्ता पहिल्यांदा नीट पाहिला. मागच्या सीटच्या पट्ट्यापासून पुलाच्या कठड्यापर्यंत सगळ्याची चर्चा झाली, आणि ते योग्यच झालं. तेवढीच चौकशी रात्री कडेला उभ्या केलेल्या, मागचे दिवे बंद असलेल्या प्रत्येक ट्रकची व्हायला हवी. तो तिथे का उभा होता? जवळ उभं राहायला दुसरी जागा होती का?

जानेवारी २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत ट्रक ड्रायव्हरांनी चाकं थांबवली आणि पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. भारतीय न्याय संहितेतलं कलम १०६(२) त्यांना नको होतं. निष्काळजीपणे गाडी चालवून कुणाचा मृत्यू झाला आणि पोलिसांना किंवा दंडाधिकाऱ्यांना न कळवता पळून गेलं तर दहा वर्षांपर्यंत तुरुंगवास, अशी ती तरतूद. थांबलो तर जमाव मारतो, पळालो तर दहा वर्षं, असं त्यांचं म्हणणं होतं. केंद्राने चर्चेचं आश्वासन दिलं, आणि १ जुलै २०२४ ला संहिता लागू झाली तेव्हा ते पोटकलम बाजूला ठेवलं. जखमी माणसाला रस्त्यावर टाकून जाणं हा गुन्हाच आहे, त्यावर दुमत नसावं. पण अपघातानंतरच्या दहा मिनिटांचा इतका बारीक विचार करणाऱ्या व्यवस्थेने अपघाताआधीच्या अठरा तासांचा विचार का केला नाही, हे कुणीतरी विचारायला हवं होतं.

युरोपात सगळं आलबेल आहे असं मुळीच नाही. २०२३ च्या मार्च-एप्रिलमध्ये जर्मनीतल्या ग्रेफेनहाउझेनच्या हायवे थांब्यावर जॉर्जिया आणि उझबेकिस्तानच्या साठेक ड्रायव्हरांनी थकलेल्या पगारासाठी आपल्या लॉऱ्या आठवडे न् आठवडे उभ्या केल्या. मालक पोलंडचा, माल पश्चिम युरोपचा, ड्रायव्हर आशियातून आलेला. यंत्र बसवलं म्हणून पिळवणूक संपत नाही. पण त्या माणसांकडे उभं राहायला हक्काचा थांबा होता, आणि पैसे पदरात पडेपर्यंत ते तिथून हलले नाहीत.

काम मोजण्याची लढाई तलासरीला नवी नाही. २३ मे १९४५ ला याच तालुक्यातल्या झरीला वारली परिषद भरली, किसान सभेच्या गोदावरी आणि शामराव परुळेकरांबरोबर आदिवासींनी वेठबिगारी नाकारली. त्याच वर्षी मुंबईला जाणाऱ्या गवताच्या कापणीसाठी पाचशे पौंडांना अडीच रुपये हा दर मागितला गेला. १० ऑक्टोबरला तलवाड्यात गोळीबार झाला आणि जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मारले गेले. किती कापलं आणि त्याचे किती, एवढाच हिशेब त्या माणसांना हवा होता. आज त्यांची नातवंडं-पतवंडं याच हायवेवरच्या गाड्यांवर काम शोधतात, आणि काही जण तो हायवे चालत ओलांडताना जीव गमावतात.

आता डहाणूच्या किनाऱ्यावर वाढवण बंदर येत आहे. जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ७६,२२० कोटींच्या या प्रकल्पाला मंजुरी दिली, ३० ऑगस्टला पालघरमध्ये पायाभरणी झाली. पूर्ण क्षमतेने वर्षाला दोन कोटी तीस लाखांहून जास्त कंटेनर हाताळायचे आहेत. मच्छीमारांचा आणि बागायतदारांचा विरोध अजून शमलेला नाही, आणि त्यांचे प्रश्न सगळ्यांत आधी सुटले पाहिजेत. पण कंटेनर आले की ट्रेलर येतील, आणि ट्रेलरबरोबर माणसं. न्हावा शेव्याचं बंदर १९८९ मध्ये सुरू झालं. त्यानंतर कैक वर्षं उरणच्या रस्त्यांवर कडेने उभ्या असलेल्या ट्रेलरांनी किती घरं बुडवली, हे उरणकरांना विचारावं. तिथे मोठा एकत्रित वाहनतळ झाला तो फार नंतर.

पंतप्रधानांनी फेब्रुवारी २०२४ मध्ये राष्ट्रीय महामार्गांवर ड्रायव्हरांसाठी पहिल्या टप्प्यात एक हजार विश्रांती केंद्रांची घोषणा केली. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मोठ्या ट्रकांना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली. दोन्ही गोष्टी चांगल्या आहेत. पण जुन्या गाड्या आणखी वर्षानुवर्षं धावणार, आणि थंड केबिनमध्येही अठरा तास म्हणजे अठरा तासच.

मागणी फार मोठी नाही. नव्या ट्रकमध्ये तास मोजणारं यंत्र सक्तीचं करा. तोवर फास्टॅगच्या नोंदी वापरा. एकट्या ड्रायव्हरची गाडी सलग किती तास चालते आहे, हे त्यावरून आजही कळू शकतं. नोटीस मात्र मालकाला आणि माल पाठवणाऱ्याला जाऊ द्या, ड्रायव्हरला नको. कारखान्याच्या गेटवर थांबण्याचे तास बिल्टीवर लिहिले जावेत आणि त्याचे पैसे ड्रायव्हरच्या हातात पडावेत. वाढवणपासून तव्यापर्यंत बत्तीस किलोमीटरचा नवा रस्ता होणार आहे. तो जिथे हायवेला मिळतो, तिथे हजारभर गाड्यांचा तळ, खाटा, न्हाणीघरं, स्वयंपाकाची जागा आणि एक दवाखाना यांसाठी जमीन आत्ताच राखून ठेवावी. जिल्हा प्रशासन, बंदर कंपनी आणि महामार्ग प्राधिकरण या तिघांनी एका टेबलावर बसून नकाशावर ती जागा दाखवावी. बंदराचा पहिला टप्पा या दशकाच्या अखेरीस पुरा व्हायचा आहे. म्हणजे हाताशी मोजून चार-पाच पावसाळे आहेत.