किल्ल्या का दिल्यास?

गुन्हा घडला की आपले सारे लक्ष आरोपीकडे. ज्याने वार सोसला, तो कायद्याच्या लेखीही बराच काळ नुसता फिर्यादी किंवा साक्षीदार होता. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ‘पीडित’ या शब्दाची व्याख्या आली, ती २००९ साल संपता संपता!

मी बँकेत असताना एका शाखेवर दरोडा पडला. रोकड किती गेली, याचा हिशेब पैशापर्यंत लागला. पण ज्याच्या गळ्याला सुरा लागला होता, तो रोखपाल पुढे कित्येक महिने शटरच्या आवाजाने दचके. ‘किल्ल्या लगेच का दिल्यास?’ असे त्याला ज्याने त्याने विचारले. (विचारणारे शूरवीर त्या दिवशी रजेवर होते.) शिपायाने मात्र काहीच विचारले नाही. रोज सकाळी तो आधी आवाज देई, “साहेब, शटर वर करतोय हं!” त्या आवाजाने रोखपाल हळूहळू सावरला.

महाराष्ट्रात २०१३ पासून ‘मनोधैर्य’ योजना आहे. बलात्कार, बालकांवरील लैंगिक अत्याचार आणि ॲसिड हल्ला यांतील पीडितांना तीत अर्थसाहाय्याबरोबर समुपदेशनही मिळते. अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करायचा असतो. मात्र तिथवर सोबत जाणाऱ्या घरच्यांनी वाटेत तरी ‘तू तिथे गेलीसच कशाला?’ असे विचारू नये.