कसबाला नोंदणीची वाट हवी

जुने यंत्र मोडीत न काढता सुटे भाग बदलून ते चालते ठेवणे, हे इचलकरंजीसारख्या यंत्रमागनगरीच्या अंगवळणी पडलेले कसब आहे. हेच कसब जुन्या मोटारीवर चालविले, की कायदा आडवा येतो.

केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये जुन्या वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले. पहिल्या नोंदणीस ५० वर्षे उलटलेल्या खासगी वाहनास २०,००० रुपये शुल्क भरून दहा वर्षांची नोंदणी मिळते. मात्र सांगाडा, बाह्यकवच वा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. म्हणजे जपलेल्या मोटारीस मान आहे. नव्याने बांधलेल्या मोटारीस अथवा हुबेहूब प्रतिकृतीस स्थान नाही.

सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे येथील एका कारागिराने भंगारातून जीपसारखी गाडी घडविली. डिसेंबर २०२१ मध्ये आनंद महिंद्रा यांनी तिची वाखाणणी केली. पण ती नियमांत बसत नाही, हेही सांगितले आणि पुढे तिच्या बदल्यात बोलेरो दिली. कसबाचे कौतुक झाले. गाडीची नोंदणी मात्र दूरच राहिली.

नियमांमागील चिंता रास्त आहे. सदोष ब्रेकची गाडी पादचाऱ्याच्या जिवावर उठते आणि चोरीची मोटार नव्या रूपात खपविता येते. परंतु यावर उपाय बंदी नव्हे, तपासणी होय. ब्रिटनमध्ये अशा एकेका गाडीची स्वतंत्र परीक्षा होते. अमेरिकेने २०१५ च्या कायद्याने लहान उत्पादकांना वर्षाला ३२५ प्रतिकृतींची मुभा दिली. सुट्या भागांच्या पावत्या, सांगाड्याचा नवा क्रमांक आणि कठोर चाचणी एवढे मागून आपल्याकडेही वाट काढता येईल. ती न काढल्यास कसब भंगारात जाईल, किंवा चोरवाटेने रस्त्यावर येईल.