चार मायक्रोसेकंदांत काय ते ठरवा!

मागच्या पावसाळ्यात मी आमच्या घरच्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप म्यूट केला. रोज सकाळी पंचवीस गुलाब, दहा सुविचार आणि आत्याने पाठवलेले कारल्याच्या रसाचे फायदे. ऑफिसला निघायच्या घाईत कोण बघतंय? मग एका गुरुवारी आईचा फोन. ‘काय रे, काकांना बघायला एकदाही आला नाहीस?’ काकांची अँजिओप्लास्टी होऊन चार दिवस झाले होते! काकूचा मेसेज ग्रुपवरच होता. दोन सुविचारांच्या मध्ये. काका आता ठणठणीत आहेत, पण मी मात्र अजून टोमणे खातोय.

बॉस, प्रॉब्लेम तुमचाही हाच आहे. माहिती बदाबदा कोसळते, सगळी बघणं शक्य नसतं, म्हणून आपण एक नियम लावून मोकळे होतो. पण नियमच चुकला तर? या प्रश्नाने ज्यांची खरोखर झोप उडते, ती मंडळी जिनिव्हाजवळ सर्नमध्ये बसतात.

तिथे जमिनीखाली साधारण 100 मीटरवर 27 किलोमीटर परिघाची एलएचसी नावाची रिंग आहे. तिच्यात प्रोटॉनचे पुंजके समोरासमोरून येऊन एकमेकांवर आदळतात. मशीन पूर्ण भरात असलं की किती वेळा? सेकंदाला जवळजवळ 4 कोटी वेळा! सीएमएस आणि ॲटलस हे तिथले अवाढव्य डिटेक्टर म्हणजे या टकरींचे फोटो काढणारे कॅमेरेच समजा. (सीएमएसच्या हॅड्रॉन कॅलरीमीटरचा बाहेरचा थर बनवण्यात आपल्या कुलाब्याच्या टीआयएफआरचा मोठा वाटा आहे, बरं का!) एक फोटो साधारण 1 मेगाबाइटचा. करा हिशेब. सेकंदाला 40 टेराबाइट! एवढं ठेवणार कुठे?

मग काय, फेकायचं! हे काम करणाऱ्या यंत्रणेला म्हणतात ट्रिगर. सीएमएसमध्ये पहिली चाळणी खास बनवलेल्या इलेक्ट्रॉनिक्सची. निकाल द्यायला तिला मिळतात सुमारे 4 मायक्रोसेकंद. तेवढ्यात मागून आणखी 160 फोटो येऊन रांगेत उभे! पूर्ण फोटो न्याहाळायला सवड नाही, म्हणून ती ढोबळ गोष्टी बघते. कुठे भरपूर ऊर्जा पडली का? एखादा म्युऑन गेला का? हो, तर फोटो पुढे. नाही, तर पुसला. 4 कोटींतले पुढे जातात फार तर 1 लाख. दुसरी चाळणी सॉफ्टवेअरची. ती जरा निवांत, म्हणजे सेकंदाचा काही अंश घेऊन बघते. 2015 ते 2018 या काळात तिच्यातून सेकंदाला साधारण 1 हजार फोटो पार व्हायचे. म्हणजे 40 हजारांत एक! बाकीचे ना रिसायकल बिनमध्ये, ना बॅकअपमध्ये. गेले ते गेले.

या पद्धतीने काम होतं, यात शंका नाही. हिग्ज बोसॉन अब्जावधी टकरींत एखादाच सापडतो. पण तो कधीकधी दोन जोरदार फोटॉनमध्ये फुटतो, हे आधीच ठाऊक होतं. मग असे दोन फोटॉन दिसले की फोटो ठेवायचा, हा नियम झाला. 4 जुलै 2012 रोजी सर्नने शोध जाहीर केला आणि जगभर टाळ्या वाजल्या.

पण गोम इथेच आहे. हिग्ज कसा दिसेल हे माहीत होतं. ज्या कणाची कोणी कल्पनाच केली नाही, त्याच्यासाठी नियम कोण लिहिणार? तो कदाचित येऊनही गेला असेल, आणि आपणच त्याला पुसून टाकलं असेल!

यावरचे त्यांचे उपाय मला जाम आवडतात. 2018 मध्ये सीएमएसने सुमारे 1 हजार कोटी फोटो लगेच तपासायच्या भानगडीत न पडता चक्क ‘पार्क’ करून ठेवले. सवडीने बघू म्हणून. पण माझी फेव्हरिट आयडिया वेगळीच आहे. काही फोटो आत काय आहे ते न बघताच ठेवायचे. चिठ्ठ्या टाकल्यासारखे. याला ते ‘झीरो बायस’ म्हणतात. त्यात बहुतेक भंगारच निघतं. पण आपण नेमकं काय फेकतोय आणि ‘नेहमीचं’ म्हणजे काय, ते यातूनच कळतं. 2024 मध्ये सीएमएसच्या पहिल्या चाळणीत जे एआय कामाला लागलं, त्याला याच फोटोंवर शिकवलं होतं. अमुक कण शोध, असं त्याला सांगितलेलंच नाही. नेहमीसारखं दिसत नसेल ते ठेव, एवढंच.

खोटं कशाला बोलू, आमचा ग्रुप अजून म्यूटच आहे. पण रोज लोकलमध्ये डोळे मिटून स्क्रोल करतो, बोट थांबेल तिथले पाच मेसेज वाचतो. न निवडता. काकांची बातमी अशी सापडली असतीच, असा माझा दावा नाही. पण तिथे फक्त गुलाबच येतात, हा माझा समज मात्र दोन दिवसांत गळून पडला असता.

परवा बोट थांबलं ते काकांच्या फोटोवर. बागेत फिरताना, नवे बूट घालून. मी लगेच एक गुलाब टाकला.

मिनिटभरात काकूचा रिप्लाय: ‘आज सूर्य कुठून उगवला?’